स्कोअर काय झाला?

चि. सोन्या यास,
अनेक आशीर्वाद.

मराठीत लिहितोय. तुला वाचायला वेळ लागणार हे माहीत आहे, आणि तेच हवंय. इंग्रजीत बोलायला लागलो की दोन मिनिटांत आपलं वाजतं, परवासारखं. चार वर्षं दर रविवारी तू मराठी शाळेत जांभया देत बसलास, त्याचा आज उपयोग होऊ दे. शब्द अडला तर ताईला विचार. आईला विचारू नकोस, ती एका शब्दावरून अख्खं पत्र ओळखेल.

आधी हे सांगतो, की मी तुझ्या फुटबॉलच्या कोचला फोन केलेला नाही. "तू ट्रेनरला सांगणार नसशील तर मी सांगतो," असं मी म्हणालो आणि तू फोन ठेवलास. ती धमकीच होती. एकवीस वर्षांच्या मुलाला बापाने धमकी देऊ नये. चुकलं माझं. नंबर मात्र काढून ठेवलाय, तेही लपवत नाही.

या पत्रात तुझ्या डोक्याला बसलेल्या माराचा विषय काढणार नाही, असं आईला कबूल केलंय. ख्यालीखुशाली विचारायची, फराळाचं सांगायचं आणि निर्णय तुझ्यावर सोडायचा. तर फराळ. चकल्या यंदा छान खुसखुशीत झाल्या आहेत, चिवड्यात तुझ्यासाठी खोबरं घातलेलं नाही, खोका सोमवारी निघेल. काकूने सांगलीहून पाठवलेली हळदही त्यात ठेवली आहे, दुधातून घे.

लॅपटॉपच्या उजेडाचा त्रास अजून होतो का? एवढंच सांग. ताईकडून कळलं. तिच्यावर रागावू नकोस, ती रडत होती.

काल तुझ्या खोलीत गेलो होतो. दारामागे ती ८१ नंबरची निळी जर्सी अजून लटकते आहे, लहान मुलांच्या मापाची, डाव्या बाहीवर आमटीचा डाग. तिच्याखाली पलंगावर अर्धा तास बसलो. परवा फोन ठेवण्याआधी तू म्हणालास, "बाबा, तूच शिकवलंस ना, मध्येच सोडणारे पळपुटे असतात म्हणून." तो शब्द माझाच. कधी वापरला तेही आठवतं. मार्च २०१६, मंगळवार, आमटी-भात. आपल्या डेट्रॉइट लायन्सचा कॅल्विन जॉन्सन निवृत्त झाला ती रात्र.

तू अकरा वर्षांचा होतास. तुला फक्त माझा राग दिसला. तो कुठून आला होता हे तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो.

मी १९९८ मध्ये पिंपरीहून मिशिगनला आलो तेव्हा हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ मला कळत नव्हता. दर तीन सेकंदांनी शिट्टी, मग सगळे उभे. दुसऱ्या वर्षी बॅरी सँडर्सने निवृत्तीचं पत्र फॅक्सने एका वर्तमानपत्राला पाठवून दिलं, आणि आमच्या प्लांटमधला एक साठीचा सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिला. मला वाटलं, घरात कोणी गेलं असेल. दहा मोसम लायन्ससाठी पळून हा माणूस चेंडू घेऊन पळण्याच्या सगळ्यात मोठ्या विक्रमाच्या १,४५७ यार्ड अलीकडे थांबला होता, आणि सुपरवायझरला तो विश्वासघात वाटत होता. मला गंमत वाटली होती तेव्हा. सतरा वर्षांनी मी तेच केलं.

मधल्या काळात २००८ आलं. लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. सोळा सामन्यांच्या मोसमात असं त्याआधी कोणाचंच झालं नव्हतं. त्याच हिवाळ्यात इथल्या मोटार कंपन्या कोसळत होत्या, आणि जानेवारीत माझी नोकरी गेली. तू चार वर्षांचा. तुला सांगितलं होतं, बाबांना सुट्टी आहे. त्या सुट्टीत मी रोज रात्री जुने सामने लावून बसायचो. आई म्हणायची, हरलेलं पुन्हा पुन्हा काय बघता. मी एकाच माणसाला बघत होतो, कॅल्विन जॉन्सनला. हरणाऱ्या त्या संघात त्याने एकट्याने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन केले. सहा फूट पाच इंचांचा तो पोरगा, संघ २० गुणांनी मागे असताना, प्रेक्षक निम्मे उठून गेलेले असताना, दर वेळी चेंडू सुरू झाला की पहिला सामना असल्यासारखा पळायचा. मी मनात म्हणायचो, याला जमतं तर आपल्याला का नाही. अर्ज टाकत राहिलो. ऑगस्टमध्ये नोकरी लागली. त्याला काय माहीत, त्याच्यामुळे फार्मिंग्टन हिल्समधल्या एका घरात काय टिकून राहिलं ते!

म्हणून तुला त्याच्यासमोर बसवला. आई म्हणते, "तुम्हीच लावलंत त्याला." खरं आहे.

तुझी पहिली आठवण कुठली असेल माहीत नाही. माझी २०१० च्या सप्टेंबरमधली आहे, शिकागोची. शेवटची २४ सेकंदं उरलेली, जॉन्सनने वरून चेंडू काढला, दोन्ही पाय जमिनीवर, मग बसला, वळला आणि उठताना हात टेकला तसा चेंडू सुटला. पंच म्हणाले, झेल पूर्ण नाही. तू सहा वर्षांचा, रडकुंडीला येऊन विचारत होतास, "पण पकडला ना त्याने, बाबा?" मी तुला १९९९ च्या वर्ल्डकपमधला गिब्ज दाखवला. स्टीव्ह वॉचा झेल हातात आलेला, आनंदाने वर उडवायला गेला आणि सुटला. क्रिकेटमध्येही चेंडूवर आणि स्वतःच्या अंगावर ताबा येईपर्यंत झेल पुरा होत नाही, असं समजावलं. तू म्हणालास, "म्हणजे नुसतं पकडून चालत नाही, उठायचं पण नीट." मी ते वाक्य ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत फिरलो होतो. तसल्या झेलांमुळे पुढे लीगला, एनएफएलला, नियमच बदलावा लागला, २०१८ मध्ये, पण तोवर तो खेळत नव्हता.

आणि मग मागच्या अंगणातले ते टेनिस बॉल. मला फुटबॉल फिरवून फेकता येत नसे, माझा हात क्रिकेटचा. म्हणून तू माझ्याकडून टेनिस बॉलच घ्यायचास, कुंपणापर्यंत पळत जाऊन, न बघता वळून. अंधार पडला की गाडीचे दिवे लावायचो. तुझे हात मऊ आहेत असं तुझे सगळे कोच म्हणत आले. ते हात कुठून आले ते मला माहीत आहे, आणि मी हे कोणाला सांगत नाही, पण छाती फुगते.

२०१३ चा डॅलसचा सामना तर तुला पाठच असेल. फोर्ड फील्ड, माझ्या बरोबर काम करणाऱ्याने दिलेली दोन तिकिटं, खांबामागची. त्या दुपारी त्याने १४ झेलांत ३२९ यार्ड काढले, सामना ठरलेल्या वेळेत संपला असताना इतके यार्ड आजवर कोणी काढलेले नाहीत. आधल्याच वर्षी जेरी राइसचा १,८४८ यार्डांचा मोसमाचा विक्रम त्याने १,९६४ वर नेला होता. मिनिटभर उरलं तेव्हा मी म्हणालो, चल, ट्रॅफिकमध्ये अडकू. तू कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलंस आणि मान हलवलीस. त्याने एक यार्डाच्या रेषेपर्यंत नेणारा झेल घेतला, चेंडू फेकणाऱ्या स्टॅफर्डने तो जमिनीवर आपटतोय असं भासवून स्वतःच उडी मारली, ३१-३०. तू मला घामेजल्या गालाने मिठी मारलीस. तेव्हापासून सामना संपायच्या आत मी कुठूनच निघालेलो नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तेंडुलकर वानखेडेवर शेवटचं बोलला, मध्यरात्रीनंतर तुला झोपेतून उठवून टीव्हीसमोर बसवलं होतं. चाळीस वर्षांचा होता तो. माझ्या डोक्यात मोठ्या खेळाडूचा शेवट असा होता. भरलेलं मैदान, खेळपट्टीला नमस्कार.

आणि जॉन्सन गेला तो तिसाव्या वर्षी, एक निवेदन देऊन. शेवटच्या मोसमातही १,२१४ यार्ड. नऊ वर्षांत ७३१ झेल, ११,६१९ यार्ड, ८३ टचडाउन, आणि प्लेऑफमधला एकही विजय नाही. मी ताटावर बसून बोललो, "धडधाकट माणूस, अर्ध्यावर सोडून गेला. पळपुटा." तेंडुलकरचं उदाहरणही दिलं. तू जेवण टाकून वर गेलास. मला वाटलं, तुलाही त्याचाच राग आलाय.

तेंडुलकरच्या अंगावर दर चेंडूला शंभर किलोचा माणूस पळत येत नव्हता, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

पुढे त्यानेच सांगितलं. बोटं वाकडी झालेली, घोट्याचं दुखणं, गुडघा. सुरुवातीच्या वर्षांत वेदनाशामक गोळ्या लिमलेटच्या गोळ्यांसारख्या मिळायच्या. खेळाडूंना मार लागतो, डोकं बधिर होतं आणि ते कोचला सांगत नाहीत, असंही टीव्हीवर म्हणाला. मी ऐकलं आणि चॅनल बदललं. तू बाराचा होतास, तुला नुकतं हेल्मेट आणलं होतं. संघाने त्याच्याकडून बोनसचे दहा लाखांहून जास्त डॉलर परत घेतले, त्यावरून तो आणि संघ बरीच वर्षं बोलत नव्हते. २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा. आपण ते बघायला कँटनला गेलो होतो, आठवतं? त्याच्या त्या कांस्याच्या अर्धपुतळ्यापुढे तू फोटो काढून घेतलास आणि मला म्हणालास, "बघ, अर्ध्यावर सोडूनही घेतलं त्याला." मी हसण्यावारी नेलं. मला उत्तर सुचलं नव्हतं.

आता मी लेक्चर देणार आहे. आईला सांगू नकोस.

डीमॅरियस थॉमस तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जॉन्सन जॉर्जिया टेकमधून बाहेर पडला त्याच्या पुढच्याच मोसमात हा तिथे त्याच जागेवर खेळायला लागला. डेन्व्हरबरोबर २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला, म्हणजे जॉन्सनने सोडलं त्याच्या महिनाभर आधी. डिसेंबर २०२१ मध्ये तो गेला, तेहतिसाव्या वर्षी. घरच्यांनी मेंदू बॉस्टन विद्यापीठाला दिला आणि त्यात सीटीई निघाला, डोक्याला धक्के बसून होणारा मेंदूचा आजार, दुसऱ्या पायरीचा. त्याला फिट्स येत होत्या, मोटार अपघातही झालेला होता, गेला तो सीटीईमुळेच असं कोणी म्हणत नाही. त्याच विद्यापीठाने २०१७ मध्ये छापलं होतं, एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये तेच. ज्यांना आधी त्रास झाला त्यांच्याच घरचे बहुधा मेंदू देतात, म्हणून सगळ्यांचं असं होतं असा अर्थ नाही. मी इंजिनियर आहे, सॅम्पल कुठून आलं ते बघायचं मला कळतं. पण जिवंत माणसात ते नक्की ओळखायची सोय अजून नाही, हे वाचून मी रात्री उठून बसलो. आणि तो एका मोठ्या धक्क्यापेक्षा वर्षानुवर्षं बसत गेलेल्या लहान धक्क्यांमुळे होतो असं म्हणतात. तू नऊ वर्षं खेळतोयस. मी मोजायला बसलो होतो, मग वही मिटली.

माफ कर. हे सगळं तुला माहीत आहे, तू किनेसिऑलॉजी शिकतोयस, मी शिकवायची गरज नाही.

पण तुला जे माहीत नाही ते सांगतो, कारण ते तुला आठवत नाही.

सप्टेंबरचा तो शनिवार. तू आत तिरका पळालास, चेंडू डोक्याच्या वरून आला, तू तो काढलास, आणि त्यांचा सेफ्टी, मागचा बचावपटू, आला. मी वरून पाहिलं. तू उठलास, चेंडू पंचाला दिलास, आणि चालत निघालास तो समोरच्या संघाच्या बाजूला. त्यांच्या पोरांनी तुला खांद्याला धरून वळवलं. झेल पूर्ण होता. लोक टाळ्या वाजवत होते.

इमर्जन्सीत नेताना मी गाडी चालवत होतो, तू शेजारी, मांडीवर बर्फाची पिशवी. तू विचारलंस, "स्कोअर काय झाला?" मी म्हणालो, हरलो, २४-१७. तू म्हणालास, "ओह." दोन सिग्नलनंतर पुन्हा, "बाबा, स्कोअर काय झाला?" मी पुन्हा सांगितलं. त्याच आवाजात "ओह." तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर गार पडले. चौथ्यांदा मी म्हणालो, "जिंकलो." तू हसलास, डोकं काचेला टेकवलंस, म्हणालास, "मस्त." आणि पेट्रोल पंपाशी पाचव्यांदा विचारलंस.

अण्णांचं शेवटचं वर्ष तू पाहिलंयस. ओसरीवर बसून "शाळा सुटली का रे?" मी आधी समजावायचो, अण्णा, तुम्हाला रिटायर होऊन बावीस वर्षं झाली. मग एक दिवस नुसतं म्हणालो, "सुटली, अण्णा." त्यांना किती बरं वाटायचं. ते त्र्याऐंशी वर्षांचे होते, सोन्या.

तू म्हणतोस, ऑगस्टमधला पहिला धक्का अगदी किरकोळ होता. तू म्हणतोस, चारच सामने उरलेत, त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधी हे हेल्मेट डोक्यावर चढणार नाही. मला ते कळतं. खरंच कळतं. कॉलेज फुटबॉलच्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, टीव्ही नसतो, पुढे एनएफएल नाही, तरी तू चार वर्षं पहाटे साडेपाचला उठलास, नुसतं आवडतं म्हणून. ऑफिसात माझ्या टेबलावर तुझा तो मागच्या वर्षीचा कोपऱ्यातला झेल आहे, पायाची बोटं रेषेच्या आत आणि सगळं अंग बाहेर. मी तेव्हा "शाब्बास रे पठ्ठ्या" असं इतक्या जोरात ओरडलो होतो की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून विचारलं, यांचा मुलगा कुठला? मी बोट दाखवलं. असं बोट दाखवायला मिळावं म्हणून माणूस जन्मभर राबतो. मी तुला तो आनंद सोड म्हणतोय, हे मला फुकट जमत नाहीये.

डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्या आहेत ना, एक-एक चढायच्या, त्रास झाला की खाली यायचं. त्या चढून तू खेळलास तर मी पहिल्या रांगेत असेन. पण पायऱ्या खऱ्या बोलण्यावर उभ्या आहेत. तू ट्रेनरला "काही नाही" म्हणालास आणि ताईला म्हणालास, वर्गातल्या ट्यूबलाइटने मळमळतं. पहिलं भरून यायच्या आत दुसरा धक्का बसला तर काय होऊ शकतं ते तुझ्या ट्रेनरने तुम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवून दाखवलंय, तूच सांगितलं होतंस.

पुन्हा लेक्चर. राहू दे.

२०१६ मध्ये मी त्या माणसाला जे म्हणालो ते चूक होतं. आज नाही कळलं, कँटनलाच कळलं होतं, पण मुलासमोर शब्द मागे घ्यायला जीभ वळली नाही. आज घेतोय. तो पळून गेला नव्हता. माझी नोकरी गेली त्या हिवाळ्यात मला धरून ठेवणारा माणूस तोच होता आणि सोडून जाणाराही तोच, हे मला एकत्र बसवता येत नव्हतं. तू तो शब्द माझ्याकडून उचललास आणि दहा वर्षं स्वतःवर लावत आलास. सातवीत बोट मोडलं तेव्हा टेप लावून खेळलास, मला संध्याकाळी दाखवलंस. मी शाबासकी दिली होती. ती शाबासकीही मागे घेतो.

येत्या शनिवारी आम्ही येतोय, तू खेळलास तरी, बाकावर बसलास तरी. आई या वेळी गाडीत बसून राहणार नाही, वर येईन म्हणते. तिने तुझा एकही सामना नीट पाहिलेला नाही, जपमाळ आणि बंद काच. तुला टोपी आणि तो निळा कोट घालून साइडलाइनवर उभा बघितला तरी तिला पुष्कळ होईल. पोळ्यांचा डबा आणतोय, तुझ्या रूममेटलाही सांग. त्याला बटाट्याची भाजी आवडते ना, तीच करणार आहोत.

पैसे लागले तर सांग. गाडीचं तेल बदललंस का?

तुझा,
बाबा

ता. क. ट्यूबलाइटचं ट्रेनरला गुरुवारच्या आत सांग. तू सांगितलंस की मला एक मेसेज टाक, नुसतं "सांगितलं" एवढं लिही, मराठीत लिहिलंस तर आईलाही दाखवीन. मी विचारणार नाही. रात्री नीट झोप लागते ना?